चिंध्यांचें दप्तर : चिली देशांतील आर्पियेरा व त्यांचें प्रामाण्य

१

जुन्या कागदांचा रुमाल सोडला म्हणजे आपण कागद वाचतों आणि रुमाल बाजूस ठेवतों. ह्या व्यवहारांत गैर कांहींच नाहीं. मजकूर कागदावर असतो. धूळ, वाळवी व ओल यांपासून त्याला जपणें एवढेंच कापडाचें काम. कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल कागदाचें महत्त्व महाराष्ट्रांत कोणास निराळें सांगावें लागत नाहीं. तिथि, मायना, मोर्तब, शिक्का, अक्षराचें वळण, कागदाची जात, आणि तो कोणाच्या घरीं निघाला, इतक्या कसोट्यांस उतरलेला कागद आपण अस्सल मानतों. न उतरलेला बनावट किंवा निदान संशयित म्हणून वेगळा काढतों.

परंतु जेथें राज्यकर्त्यांनीं माणूस नाहींसा केला आणि त्याचा कागदही नाहींसा केला, तेथें इतिहासकारानें काय वाचावें? ज्या साधनावर कर्त्याचें नांव नाहीं, शिक्का नाहीं, बहुधा तारीखही नाहीं, आणि जें मुळांत विकण्याकरितांच केलें गेलें, त्यास दप्तरांत जागा द्यावी कीं नाहीं? हा प्रश्न काल्पनिक नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत १९७३ पासून १९९० पर्यंत लष्कराची सत्ता होती. त्या सत्तेनें धरून नेलेल्या माणसांच्या आया, बायका व बहिणी यांनीं गोणपाटावर चिंध्या शिवून आपली हकीकत नमूद केली. ह्या शिवलेल्या चित्रांस तेथें आर्पियेरा म्हणतात. तेथील स्पॅनिश भाषेंत ह्या शब्दाचा मूळ अर्थच गोणपाट असा आहे. ह्या कापडांची हकीकत सांगून इतिहासाचें साधन म्हणून त्यांची योग्यता ठरविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम प्रसंग सांगितला पाहिजे. ११ सप्टेंबर १९७३ रोजीं चिलीचें भूदल, आरमार, विमानदल व सशस्त्र पोलीस यांनीं मिळून लोकनियुक्त अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचें सरकार उलथून टाकलें. राजधानी सांतियागो येथील अध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून बाँब पडले आणि त्याच दिवशीं त्या वाड्यांत आयेंदे यांचा अंत झाला. चार दलांच्या प्रमुखांचें मंडळ सत्तेवर बसलें. त्यांतील भूदलाचे सेनापति ऑगुस्तो पिनोचे हे लौकरच सर्वाधिकारी झाले. प्रतिनिधिसभा बरखास्त झाली, डाव्या पक्षांवर बंदी आली, वृत्तपत्रांवर पहारा बसला, रात्रीं घराबाहेर पडण्यास मनाई झाली. राजधानींतील मोठें क्रीडांगण हजारों लोकांचा तुरुंग बनलें. जून १९७४ मध्यें 'दीना' ह्या आद्याक्षरी नांवाचें गुप्त पोलीसखातें स्थापन झालें. १९७७ मध्यें तें मोडून त्याच्या जागीं दुसरें खातें आलें. नांव बदललें, धास्ती राहिली.

राजद्रोह्यास फांसावर चढविणें ही राज्यकर्त्यांची जुनी तऱ्हा. तींत निदान निकालपत्र असतें. ह्या सत्तेची तऱ्हा निराळी होती. माणसास घरांतून, कामावरून किंवा भर रस्त्यांतून उचलून न्यावयाचें, आणि घरचीं माणसें विचारूं आलीं कीं, असा कोणी इसम आमच्याकडे नाहीं, असें सांगावयाचें. धरल्याची नोंद नाहीं, सोडल्याची नोंद नाहीं, मेल्याची तर नाहींच नाहीं. न्यायालयांकडे जावें, तर धरलेल्या माणसास न्यायाधीशापुढें हजर करण्याबद्दल केलेल्या हजारों अर्जांपैकीं मान्य झालेले अर्ज हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच. १९७५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघापुढें चिलीच्या प्रतिनिधीनें, बेपत्ता म्हणून ज्यांचीं नांवें दिलीं जातात त्यांपैकीं कित्येकांस कायदेशीर अस्तित्वच नाहीं, असें प्रतिपादन केलें. म्हणजे वादाचा मुद्दा माणूस कोठें आहे, हा राहिलाच नाहीं. तो माणूस होता कीं नव्हता, हा झाला.

धरून नेलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्यामुळें शोधाचें काम स्त्रियांवर आलें. छावण्या, तुरुंग, रुग्णालयें, प्रेतागार, न्यायालयें, अशा येरझाऱ्या घालतांना त्या एकमेकींस वारंवार भेटूं लागल्या, आणि ह्या भेटींतूनच बेपत्ता बंद्यांच्या नातलगांची संघटना उभी राहिली. ऑक्टोबर १९७३ मध्यें निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनीं व यहुदी धर्मीयांनीं मिळून पीडितांच्या साहाय्यार्थ एक समिति स्थापन केली होती. पिनोचे यांच्या दडपणामुळें ती १९७५ च्या अखेरीस बंद झाली. परंतु कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनीं जानेवारी १९७६ मध्यें आपल्या धर्मपीठाच्याच अधिकारांत एक नवें कार्यालय उघडलें. त्यास 'विकारिया' असें संक्षेपानें म्हणतात. राजधानीच्या मुख्य चौकांत, थोरल्या देवळाला लागूनच तें होतें. धर्मपीठाचें अंग म्हणून तें मोडणें सरकारास सोपें नव्हतें. त्या कार्यालयानें प्रत्येक बेपत्ता माणसाची फाइल ठेवली, आणि त्याच्याच आश्रयानें स्त्रियांचे शिवणाचे वर्ग चालले.

३

आर्पियेरांचा आरंभ १९७४-७५ च्या सुमारास वरील समितीच्या वर्गांत झाला. त्यापूर्वींही चिलींत गोणपाटावर लोकरीनें चित्रें भरण्याची कला होती. विख्यात लोकगायिका व्हियोलेता पार्रा यांनीं अशीं भरतकामाचीं मोठीं चित्रें केलीं होतीं आणि १९६४ सालीं पॅरिस येथें लूव्र वाड्यांतील शोभेच्या कलांच्या संग्रहालयांत त्यांचें प्रदर्शन झालें होतें. समुद्रकांठच्या इस्ला नेग्रा गांवच्या बायकांचें भरतकामही प्रसिद्ध होतें. परंतु ह्या नव्या वर्गांतील स्त्रियांजवळ लोकर बेताची होती. पैसा तर नव्हताच. कोणाचा नवरा बेपत्ता, कोणाचा मुलगा, कोणाच्या घरचा कर्ता पुरुष कारखाना बंद पडल्यामुळें बेकार. तेव्हां पिठाच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा आधारास घ्यावा, त्यावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठिगळांप्रमाणें शिवाव्या, आणि कडेनें लोकरीची विणलेली किनार घालावी, अशी पद्धति पडली. आकार बहुधा हातभर, क्वचित् मोठा. माणसांच्या ठिकाणीं चिंधी भरलेल्या बोटभर बाहुल्या. केसांस काळी लोकर, कधीं करणारीचे स्वतःचे केसही. कांहीं स्त्रियांनीं आपल्या बेपत्ता माणसाच्या सदऱ्याचा किंवा विजारीचा तुकडाच चित्रांत शिवला.

काम एकत्र बसून चाले. आपल्यावर काय गुदरलें तें सांगत सांगत शिवावयाचें. एकीला टांका जमत नसेल तर दुसरीनें दाखवावयाचा. तयार झालेलें काम सर्वजणींनीं पाहून पसंत किंवा नापसंत करावयाचें. पसंत झालेलीं कापडें विकारिया विकत घेई आणि परदेशीं पाठवी. तेथें निर्वासित चिलियन लोक व त्यांचे सहायक तीं विकीत. आलेल्या पैशांतून घरीं पीठ, मुलांस वहाणा आणि शोधाकरितां प्रवासखर्च भागे. उघड बाजारांत हें काम ठेवणें शक्य नव्हतें. म्हणून कापडावर करणारीचें नांव नसे. पाठीमागें मात्र पुष्कळदां एक लहानसा खिसा शिवलेला असे आणि त्यांत चित्राचा अर्थ सांगणारी चिठ्ठी घातलेली असे. आमच्या वाचकांनीं हा खिसा ध्यानांत ठेवावा. त्याचें प्रयोजन पुढें येईल.

गुप्त पोलिसांस हा प्रकार आरंभीं नीटसा उमगला नाहीं, याचें कारण उघड आहे. शस्त्र, छापखाना, सभा यांवर त्यांची नजर होती. सुईदोरा घेऊन देवळाच्या आवारांत बसलेल्या बायका राज्याविरुद्ध कांहीं करीत असतील, ही कल्पना लष्करी मनास सुचण्यासारखी नव्हती. स्त्रीनें घरीं बसावें, शिवावें, मुलें सांभाळावीं, असा उपदेश ती सत्ताच करीत होती. त्या स्त्रियांनीं तो उपदेश अक्षरशः पाळला.

४

आतां ह्या कापडांवर काय आहे तें पाहूं. वर बहुधा आंदीस पर्वताची रांग असते आणि तिच्यावर सूर्य. सांतियागो शहरांतून हा पर्वत दिसतो. त्यामुळें पर्वत हा स्थळनिर्देश होय. आपल्या पत्रांत 'मुक्काम पुणें' असें असावें, तसा. खालीं वस्ती, लहान घरें, झाडें, रस्ता. रंग भडक व आनंदी. प्रथमदर्शनीं लहान मुलाचें चित्र वाटावें. मग एकेक गोष्ट दिसूं लागते. कारखान्याच्या दारावर फुली मारलेली आहे. वस्तीच्या मध्यें एका मोठ्या पातेल्याभोंवतीं बायका उभ्या आहेत. हें सामायिक स्वयंपाकाचें पातेलें. १९७५ च्या मंदींत, आणि पुन्हां १९८२ नंतर बेकारी शेंकडा वीसच्या वर गेली तेव्हां, गरीब वस्त्यांनीं शिधा एकत्र करून अशीं पातेलीं चालविलीं. देवळाच्या ओसरीवर मुलें जेवावयास बसलीं आहेत. विजेच्या खांबावरून कोणी चोरून तार घेतली आहे. एका कोपऱ्यांत पोलिसांची गाडी आहे आणि एका माणसास तिच्यांत घालीत आहेत.

दुसरा वर्ग बेपत्त्यांच्या नातलगांनीं केलेल्या कापडांचा. त्यांत न्यायालयाच्या इमारतीपुढें उभ्या असलेल्या स्त्रिया दिसतात. प्रत्येकीच्या छातीवर एक तसबीर टांचलेली. हातांतील फलकावर दोनच शब्द: ते कोठें आहेत? कांहीं कापडांवर जेवणाचें टेबल आहे, भोंवतीं कुटुंब आहे आणि एक खुर्ची रिकामी आहे. एप्रिल १९७९ मध्यें नातलग स्त्रियांनीं बंद पडलेल्या प्रतिनिधिसभेच्या लोखंडी कठड्यास स्वतःस सांखळ्यांनीं बांधून घेतलें. तो प्रसंगही कापडावर आला आहे. ज्या सभेंत कायदे व्हावयाचे तिचें दार बंद, आणि दाराशीं सांखळ्यांत बायका. लेखकाला चार पृष्ठें लागतील असा अर्थ तेथें हातभर जागेंत मावला आहे.

५

प्रामाण्याच्या प्रश्नाकडे आतां वळतां येईल. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन मानुष प्रमाणें सांगितलीं आहेत. ह्यांपैकीं एकही नसेल तरच दिव्याकडे वळावें, असा क्रम आहे. चिलींतील स्त्रियांची स्थिति ह्या चौकटींत घालून पाहावी. लिखित सर्व सरकारच्या ताब्यांत. साक्षी भयानें मुके, किंवा स्वतःच बंदींत. राहिली भुक्ति, म्हणजे वहिवाट. माणूस जेथें बसे ती खुर्ची, जो घाली तो सदरा, जेथें काम करी तो कारखाना, इतकीच काय ती वहिवाटीची खूण त्यांच्याजवळ उरली होती. आणि त्यांनीं तीच पुढें केली.

सरकारी पक्षाच्या लिखिताचा मासला पाहण्यासारखा आहे. जुलै १९७५ मध्यें आर्जेंटिनांतील ब्वेनोस आयरेस येथून 'लेआ' नांवाचें एक नियतकालिक आणि ब्राझीलमधील कुरिचीबा शहरांतून 'ओ नोव्हो दिया' नांवाचें एक पत्र निघालें. पहिल्यांत साठ व दुसऱ्यांत एकुणसाठ, मिळून एकशें एकोणीस चिलियन लोकांचीं नांवें होतीं, आणि हे लोक परदेशांत आपसांतील भांडणांत किंवा चकमकींत मेले, असा मजकूर होता. हीं सर्व नांवें चिलींत धरल्या गेलेल्या बेपत्त्यांचीं होतीं. चिलींतील वृत्तपत्रांनीं ती बातमी उचलून छापली. पुढें चौकशींत काय दिसलें? 'लेआ'चा ह्याच्या आधींचा अंक नाहीं, नंतरचाही नाहीं. नांवें छापण्यापुरता एक अंक निघाला आणि तें नियतकालिक नाहींसें झालें. बनावट ताम्रपटांची ज्यांस संवय आहे त्या आमच्या वाचकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. दान द्यावयाचें नसून जमीन बळकावयाची असली म्हणजे ताम्रपटावर राजाची वंशावळ नेहमींपेक्षां लांबलचक असते. येथेंही कागद होता, छपाई होती, तारीख होती, गांवाचें नांव होतें. साधनाचीं सर्व बाह्य लक्षणें होतीं. सत्य तेवढें नव्हतें. उलट आर्पियेरेवर त्यांपैकीं एकही लक्षण नाहीं.

असत्य लक्षणयुक्त असूं शकतें, एवढ्यावरून लक्षणहीन तें सत्य असें मात्र ठरत नाहीं. त्यास स्वतंत्र पुरावा पाहिजे, आणि तो लोंकेन येथें मिळाला. सांतियागोच्या नैऋत्येस लोंकेन गांवाजवळ चुन्याच्या जुन्या, बंद पडलेल्या भट्ट्या होत्या. तेथें मनुष्यदेह आहेत अशी खबर नोव्हेंबर १९७८ मध्यें धर्मपीठाकडे आली. धर्मपीठानें ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवतां धर्माधिकारी, वकील व वृत्तपत्रकार अशी मंडळी प्रत्यक्ष पाहण्यास पाठविली, आणि खात्री झाल्यावर सर्वोच्च न्यायालयास कळविलें. पंधरा पुरुषांचे अवशेष निघाले. हे ७ ऑक्टोबर १९७३ रोजीं इस्ला दे माइपो येथून पोलिसांनीं धरून नेलेले लोक होते. त्यांत एक पिता व त्याचे चार पुत्र होते. असे लोक कोणी नाहींतच, ह्या म्हणण्याचा पाया त्या दिवशीं ढासळला. तोंवर स्त्रिया कापडावर जें शिवीत होत्या तें भट्टीच्या पोटांत सांपडलें.

पुढची हकीकत साधनांच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे. एप्रिल १९७८ मध्येंच सरकारनें, सप्टेंबर १९७३ ते मार्च १९७८ ह्या काळांतील अपराधांस माफी देणारा कायदा केला होता. लोंकेनचा खटला लष्करी न्यायालयाकडे गेला आणि आरोपी पोलीस त्या माफीखालीं सुटले. सप्टेंबर १९७९ मध्यें नातलग अंत्यविधीसाठीं राजधानींतील देवळांत वाट पाहत असतां, अवशेष त्यांच्या हवालीं न करतां परस्पर इस्ला दे माइपोच्या स्मशानांत सामायिक खड्ड्यांत पुरण्यांत आले. १९८० मध्यें त्या भट्ट्याच सुरुंग लावून उडविण्यांत आल्या. स्थळ गेलें. परंतु तोंपर्यंत लोंकेनच्या भट्ट्या आर्पियेरांवर शिवल्या गेल्या होत्या आणि त्या आर्पियेरा देशाबाहेर गेल्या होत्या. वास्तु पाडतां आली. कापड परत आणतां आलें नाहीं.

६

ह्या साधनाविरुद्ध जे आक्षेप संभवतात ते लपवून ठेवणें संशोधनाच्या रीतीस धरून होणार नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, हें काम विकण्याकरितां केलेलें. गिऱ्हाइकास जें आवडेल तें त्यांत येणार. दुसरा, वर्गांत एकमेकींचें पाहून शिवल्यामुळें तेंच तें दृश्य पुन्हां पुन्हां येतें. दहा कापडें म्हणजे दहा साक्षी नव्हेत. तिसरा, काम पसंत करण्याची पद्धत असल्यामुळें कांहीं विषय गाळले गेले असतील. चौथा, घरांतील भांडीकुंडीं व सुईदोरा ह्या हत्यारांस स्वतःचा पक्ष नसतो. डिसेंबर १९७१ मध्यें आयेंदे यांच्याविरुद्ध रिकामीं पातेलीं वाजवीत मोर्चा काढणाऱ्याही चिलीच्या स्त्रियाच होत्या, आणि १९८३ पासून पिनोचे यांच्याविरुद्ध तींच पातेलीं वाजलीं.

चारही आक्षेप खरे आहेत. परंतु त्यांचा अर्थ इतकाच कीं, हें साधन त्याच्या जातीप्रमाणें वाचावें. आपल्याकडील जात्यावरच्या ओवीचें उदाहरण घ्या. तीच ओवी गांवोगांव सांपडते, कर्तीचें नांव नसतें, तिच्यावरून एखाद्या लढाईची तारीख ठरवूं नये. पण सासुरवास म्हणजे काय, दुष्काळांत चूल कशी पेटते, हें सनदापत्रांवरून कळणार नाहीं. तें ओवीवरूनच कळतें. तसेंच, अमुक माणसास अमुक दिवशीं कोणीं धरलें हें आर्पियेरेवरून ठरवूं नये. त्यास विकारियाच्या फायली व चौकशीमंडळांचे अहवाल आहेत. धरल्यानंतर घरांत काय झालें, शेजाऱ्यांनीं दार उघडलें कीं लावलें, कोणत्या दारांवर स्त्रिया किती वेळां गेल्या, पातेलें कोणीं आणलें, हें मात्र आर्पियेरा सांगते, आणि तें दुसरें साधन इतकें नेमकें सांगत नाहीं. विक्रीसाठीं केलें म्हणून तें खोटें, हेंही बरोबर नाहीं. आपल्या पोथ्या लिहिणारे लेखक पोटासाठींच लिहीत. त्यामुळें पोथीचा पाठ अग्राह्य होत नाहीं.

७

एवढ्यावर हा विषय संपला असता, तर आर्पियेरा ही एक करुण हस्तकला म्हणून तिची नोंद करून थांबतां आलें असतें. परंतु ह्या स्त्रियांच्या सर्व कृतींत एक सूत्र दिसतें, आणि आमच्या मतें तेंच मुख्य होय.

८ मार्च १९७८ रोजीं सांतियागो येथील कौपोलिकान नाट्यगृहांत स्त्रीदिनाची सभा भरली होती. बेपत्त्यांच्या नातलगांच्या गायनमंडळींतील एक स्त्री पांढरें पोलकें व काळा घागरा घालून, छातीवर आपल्या माणसाची तसबीर लावून रंगभूमीवर आली आणि कुएका नांवाचा नाच नाचली. कुएका हा चिलीचा घरोघरचा नाच. तो पुरुष व स्त्री ह्या जोडीनेंच नाचावयाचा, हातांत रुमाल घेऊन, एकमेकांभोंवतीं फिरत. ही स्त्री एकटी नाचली. जेथें पुरुषानें यावें तेथें ती फिरून आली, जेथें त्यानें रुमाल हलवावा तेथें थांबली. व्याख्यानाची गरज उरली नाहीं. पुढच्या वर्षीं, सप्टेंबर १९७९ मध्यें, सरकारनें कुएका हा राष्ट्रीय नाच म्हणून जाहीर केला. तोंवर त्या नाचांतील एक जागा रिकामी झाली आहे, हें लोकांनीं पाहिलें होतें. १९८८ मध्यें स्त्रियांनीं मनुष्याकृति काळ्या छाया करून, त्यांवर बेपत्त्यांचीं नांवें लिहून त्या राजधानीच्या रस्त्यांत उभ्या केल्या.

रिकामी खुर्ची, एकटीचा नाच, देहावांचून छाया. ह्या तिहींत एकच गोष्ट केली आहे: अभाव दृश्य केला आहे. कुमारिल भट्टाच्या अनुयायी मीमांसकांनीं अनुपलब्धि हें सहावें प्रमाण मानलें आहे. भूतलावर घट दिसत नाहीं, त्यावरून घटाभावाचें ज्ञान होतें. हें ज्ञान प्रत्यक्षांत किंवा अनुमानांत बसत नाहीं, म्हणून त्यास स्वतंत्र प्रमाण पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. मात्र त्यास एक अट आहे. जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिचेंच न दिसणें प्रमाण होतें. अंधारांत घट न दिसणें हें घटाभावाचें प्रमाण नव्हे.

हा तर्क येथें लावून पाहिला म्हणजे ह्या स्त्रियांनीं काय साधलें तें स्पष्ट होतें. असा माणूस नव्हताच, हें सरकारचें म्हणणें. म्हणजे न दिसण्यास अर्थच नाहीं, असें सुचविणें. स्त्रियांनीं ती अट पुरी करून दाखविली. टेबलाभोंवतीं पांच खुर्च्या मांडल्या आणि चार माणसें बसविलीं. जोडीचा नाच मांडला आणि एक पाऊल उमटविलें. छातीवर तसबीर लावली. म्हणजे जो दिसावयास हवा तो कोण, हेंही सांगितलें. अशा मांडणीनंतर त्या माणसाचें न दिसणें हें नुसतें न दिसणें राहत नाहीं. तें पुरावा होतें. राज्यकर्त्यांनीं लिखित नष्ट केलें, साक्षी गप्प केले. परंतु नसलेल्या माणसाची जागा त्यांना नष्ट करतां आली नाहीं, कारण ती घरांत होती आणि घर स्त्रियांच्या हातीं होतें.

८

कापडांनीं राज्य उलथलें असें आम्ही म्हणत नाहीं. मंदी, कामगारांचे संप, १९८३ पासूनचीं देशव्यापी निषेधाचीं आंदोलनें, पक्षांची एकजूट, परदेशांचें दडपण, अशीं अनेक कारणें होतीं. ५ ऑक्टोबर १९८८ च्या लोकमतांत सुमारें शेंकडा ५६ मतें पिनोचे यांच्याविरुद्ध पडलीं आणि ११ मार्च १९९० रोजीं लोकनियुक्त अध्यक्ष पात्रिसियो आइल्विन अधिकारारूढ झाले. १९९१ मध्यें सत्यशोधन मंडळानें दिलेल्या अहवालांत मृत व बेपत्ता मिळून २,२७९ जणांची नोंद झाली. पुढील चौकशांत हा आंकडा तीन हजारांवर गेला. विकारियाचें काम १९९२ मध्यें संपलें, परंतु तिचें दप्तर जतन झालें, आणि चिलीच्या मानवाधिकारविषयक दप्तरांची नोंद २००३ मध्यें युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदींत झाली. २०१० मध्यें सांतियागो येथें उघडलेल्या स्मृति-संग्रहालयांत आर्पियेरा इतर साधनांच्या बरोबरीनें ठेविल्या आहेत. तरीही शोध संपला नव्हता. २०२३ मध्यें चिली सरकारनें राष्ट्रीय शोधयोजना जाहीर केली, तेव्हां सक्तीनें नाहींशा केलेल्यांची संख्या १,४६९ अशी दिली गेली आणि त्यांपैकीं केवळ ३०७ जणांची ओळख पटली होती. पन्नास वर्षांनीं हजाराहून अधिक खुर्च्या रिकाम्याच होत्या.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांजवळ स्वतःचे संग्रह आहेत. म्हणून शेवटीं एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधतों. आर्पियेरा पुष्कळ देशांत विखुरल्या आहेत. अशी वस्तु हातीं आली म्हणजे ती चौकटींत बसवून भिंतीवर टांगण्याचा मोह होतो. चौकटींत बसविली कीं पाठीमागचा खिसा भिंतीकडे जातो आणि चिठ्ठी कोणी वाचीत नाहीं. पुढें केव्हां तरी कापड धुतलें जातें व चिठ्ठी विरते. मग उरतें तें एक रंगीत चित्र. नांव न घालणाऱ्या स्त्रीनें जो एक शब्द मागें ठेविला तो अशा रीतीनें संग्राहकाच्या हातूनच नाहींसा होतो. ह्यास्तव कापडाची पाठही पुढच्या बाजूइतकीच पाहावी. चिठ्ठीची नक्कल घ्यावी. कोणाकडून, केव्हां व कोणत्या मार्गानें वस्तु आली तें लिहून ठेवावें. कोणती चिंधी कोणत्या वस्त्राची आहे तें तपासावें, कारण कधीं कधीं त्या चिंधीवांचून त्या माणसाचें दुसरें कांहीं उरलेलें नसतें.

आपल्या घरांतील वाकळा, गोधड्या, भरतकामाचीं कापडें व ओव्यांच्या वह्या यांसही हाच नियम लागूं आहे. तीं दप्तरांत घेण्याजोगीं आहेत कीं नाहींत, हा वाद पुढें करतां येईल. आधीं तीं राहिलीं पाहिजेत.